राजवट गेल्यानंतरचा हिशेब

सोलापुरात कोणाला पत्ता सांगायचा असला, की निम्म्या वेळा बोलण्याची सुरुवात ‘चार पुतळ्यापासून’ अशी होते. त्या चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी मान वर करून पाहणारे थोडेच असतील, पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावे शहराला पाठ आहेत. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, गोळीबार झाला, सरकारी यंत्रणा काही दिवस शहरातून हटली आणि मग मार्शल लॉ लावण्यात आला. त्यानंतरच्या खटल्यात पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. दरवर्षी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची लगबग चालू असतानाच या पुतळ्यांना हार घातले जातात. मागे एकदा माझ्याबरोबर तिथे आलेल्या अकरावीतल्या भाचीने विचारले, “मामा, ज्यांनी गोळ्या घातल्या, ज्यांनी फाशी दिली, त्यांचं सत्तेचाळीसनंतर काय झालं?”

खरे उत्तर एवढेच, की काही झाले नाही. गोरे अधिकारी मायदेशी गेले आणि देशी अधिकारी त्याच कचेऱ्यांत, बव्हंशी त्याच कायद्यांच्या आधारे, नव्या सरकारची चाकरी करू लागले. आय.सी.एस. अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना तर राज्यघटनेच्या ३१४ व्या कलमाने संरक्षण दिले होते आणि ते कलम १९७२ साली रद्द झाले. सरदार पटेलांनी घटना समितीत या संरक्षणाची बाजू हिरिरीने मांडली होती. फाळणीच्या धुमश्चक्रीत देश चालवायचा, तर चालवण्याचा अनुभव असलेली माणसे लागणार होती. परकी सत्ता जाणे आणि स्वदेशी हुकूमशाही जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करूनही, भाचीचा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत अनेक देशांना जसाच्या तसा पडलेला आहे. अभ्यासक त्याला ‘संक्रमणकालीन न्याय’ असे कानाला जड वाटणारे नाव देतात. या लेखात त्याला हिशेब म्हटले तरी अर्थ बदलत नाही.

नेहमीच्या गुन्ह्यात फिर्याद पोलीस घेतात, पंचनामा पोलीस करतात, मृतदेहाची तपासणी सरकारी डॉक्टर करतो आणि निवाडा न्यायालय देते. हुकूमशाहीच्या काळात झालेल्या गुन्ह्यांत आरोपी स्वतः पोलीस किंवा लष्कर असते, कागद त्यांच्याच कपाटात असतात, मृतदेह सापडत नाही, आणि त्या काळी आलेले अर्ज फेटाळणारे न्यायाधीश अजून खुर्चीवर असतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तशी ही स्थिती असते. त्यामुळे ‘शिक्षा करायची की माफ करायचे’ हा प्रश्न सुरुवातीला तरी पुस्तकी ठरतो. जुनी राजवट हरून गेली की वाटाघाटी करून गेली, आणि ती गेल्यावर बंदुका कोणाच्या ताब्यात राहिल्या, यावर पहिल्या काही वर्षांत काय शक्य आहे ते ठरते. पुढच्या वर्षांत काय शक्य होईल, ते मात्र बऱ्याच अंशी सुरुवातीला कोणी काय लिहून ठेवले यावर अवलंबून असते.

हे सर्वांत ठळकपणे अर्जेंटिनात दिसते. २४ मार्च १९७६ रोजी तेथे लष्कराने सत्ता घेतली आणि विरोधकांना ‘बेपत्ता’ करण्याची पद्धत बसवली. माणसाला घरातून किंवा रस्त्यातून उचलायचे, गुप्त छळछावणीत न्यायचे आणि न्यायालयाने विचारले तर अशी कोणी व्यक्ती आमच्याकडे नाही असे उत्तर द्यायचे. अटकेची नोंद नाही, मृतदेह नाही, म्हणजे कागदोपत्री गुन्हाच नाही. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा स्त्रिया आपल्या मुलांचा शोध घेत राजधानी ब्युनोस आयरिसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. घोळका करून उभे राहू नका, चालत राहा, असे पोलिसांनी बजावल्यावर त्या चौकाला फेऱ्या घालू लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल बांधून घातलेल्या या फेऱ्या पुढे कित्येक दशके चालू राहिल्या.

१९८२ साली ब्रिटनशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात पराभव झाल्यावर या लष्कराची पत संपली. सत्ता सोडण्यापूर्वी त्याने स्वतःलाच माफी देणारा कायदा करून घेतला. नव्या संसदेने तो डिसेंबर १९८३ मध्ये रद्द केला. नवे राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सिन यांनी आधी एक आयोग नेमला आणि लेखक अर्नेस्तो साबातो यांना त्याचे अध्यक्ष केले. आयोगाला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. त्याने देशभर फिरून जबान्या घेतल्या, सुटून आलेल्यांना घेऊन छळछावण्यांच्या जागा तपासल्या आणि सप्टेंबर १९८४ मध्ये ८,९६० बेपत्ता व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त छावण्यांची नोंद असलेला अहवाल दिला. मानवाधिकार संघटना बेपत्तांचा आकडा ३०,००० सांगतात आणि या दोन आकड्यांवरून तेथे आजही वाद होतो. तो वाद समजण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे, की पहिला आकडा ज्यांच्याविषयी कोणीतरी पुढे येऊन सांगू शकले त्यांचा आहे.

त्या नोंदींच्या बळावर १९८५ साली लष्करी राजवटीच्या नऊ सेनाप्रमुखांवर नागरी न्यायालयात खटला चालला. त्यांतील पाच जण दोषी ठरले. होर्हे विदेला आणि एमिलिओ मासेरा यांना जन्मठेप झाली. या खटल्यातली एक बाब आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम पाहावी. कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतर कायदा करून शिक्षा देता येत नाही, हे तत्त्व आपल्या घटनेच्या विसाव्या कलमात आहे आणि ते बहुतेक लोकशाही देश मानतात. अर्जेंटिनाच्या सरकारी वकिलांनी म्हणून कोणताही नवा गुन्हा शोधून काढला नाही. खून, छळ, बेकायदा डांबून ठेवणे हे सारे लष्कर येण्याच्या आधीपासून दंडसंहितेत होतेच. लष्कराने लोकशाही मोडली, पण दंडसंहितेतले हे गुन्हे पुसले नव्हते.

यानंतर मात्र गाडी उलटी फिरली. खटले वरून खाली, मधल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू लागताच सैन्यात कुरबुर सुरू झाली. १९८६ अखेर ‘पूर्णविराम’ कायदा आला, ज्याने नवीन आरोप दाखल करण्यासाठी साठ दिवसांची मुदत घातली. १९८७ च्या ईस्टरमध्ये काही तुकड्यांनी बंड केले आणि त्यापाठोपाठ वरिष्ठांच्या हुकुमाचे पालन करणाऱ्यांना मोकळे सोडणारा कायदा झाला. पुढचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी १९८९ आणि १९९० मध्ये माफीनामे काढले व शिक्षा झालेले सेनाप्रमुखही घरी गेले. त्या वर्षी कोणी अर्जेंटिनाविषयी लिहिले असते, तर हिशेब बुडाला असेच लिहिले असते. २००३ मध्ये संसदेने आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन्ही कायदे निकालात काढले, खटले पुन्हा उभे राहिले आणि त्यानंतर एक हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. विदेला २०१३ साली तुरुंगातच मरण पावले. मधल्या काळात जबान्यांचे कागद कोणी जाळले नव्हते, म्हणून हे खटले उभे राहू शकले.

चिलीत गोष्ट वेगळ्या रीतीने सुरू झाली, कारण तेथे लष्करी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे युद्धात हरले नव्हते. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात लोकांनी त्यांना नाकारले, पण राज्यघटना त्यांचीच होती, १९७८ साली स्वतःच काढलेला माफीचा हुकूम जागेवर होता आणि १९९० मध्ये पात्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा लष्करप्रमुखपदी पिनोशेच होते. ते त्या पदावर मार्च १९९८ पर्यंत राहिले. ‘शक्य असेल तितका न्याय’ हे आयल्विन यांचे शब्द अनेकांना बुळचट वाटले. मला ते निदान प्रामाणिक वाटतात, कारण ज्याच्या हाताखाली रणगाडे आहेत त्याच्यावर समन्स बजावायला शिपाई कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्यांनी आयोग नेमला, त्या आयोगाने राजवटीच्या काळातल्या २,२७९ मृतांची व बेपत्तांची नोंद केली, आणि मार्च १९९१ मध्ये दूरचित्रवाणीवरून आयल्विन यांनी राज्यसंस्थेच्या वतीने कुटुंबांची क्षमा मागितली.

माफीचा हुकूम रद्द न होताही त्याला भोक पडले, ते एका साध्या तर्कामुळे. हुकूम ११ सप्टेंबर १९७३ ते १० मार्च १९७८ या काळातल्या गुन्ह्यांना लागू होता. एखाद्याला १९७४ मध्ये उचलून नेले आणि आजवर त्याचा मृतदेह मिळालेला नाही, तर त्याचे अपहरण १० मार्च १९७८ रोजी संपले असे कशावरून म्हणायचे? मृत्यू सिद्ध होत नाही तोवर अपहरण चालूच आहे, आणि चालू असलेला गुन्हा माफीच्या मुदतीबाहेर आला. २००४ मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क मान्य केला. मृतदेह नाहीसे करणाऱ्यांनी पुरावा नाहीसा केला असे मानले होते. न्यायालयात त्या नाहीशा केलेल्या मृतदेहांनीच त्यांची अडचण केली. स्वतः पिनोशे यांना ऑक्टोबर १९९८ मध्ये स्पेनच्या न्यायाधीशांच्या वॉरंटवरून लंडनमध्ये अटक झाली, प्रकृतीच्या कारणावरून ते मायदेशी परतले आणि १० डिसेंबर २००६ रोजी एकाही खटल्यात दोषी न ठरता वारले. ती तारीख जागतिक मानवाधिकार दिनाची.

इथे आपल्या आणीबाणीचा विषय काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकवीस महिन्यांची ती राजवट अर्जेंटिनाच्या पंगतीत बसत नाही, तरी एक लाखाहून अधिक माणसे खटल्याविना अटकेत होती, आणि १९७६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्कही नाकारला होता. मे १९७७ मध्ये जनता सरकारने माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग नेमला. आयोगाने तीन अहवाल दिले, त्यातला शेवटचा ऑगस्ट १९७८ मध्ये. इंदिरा गांधींनी शपथेवर साक्ष देण्यास नकार दिला. खास न्यायालयांचा कायदा होईपर्यंत १९७९ उजाडले आणि जानेवारी १९८० मध्ये मतदारांनीच इंदिरा गांधींना परत आणल्यावर खटले विरून गेले. म्हणून तो प्रयत्न वाया गेला असे म्हणण्याची पद्धत आहे. पण त्याच काळात झालेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीने यापुढे आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली, आणि ती टिकली. १९७६ चा तो निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा ठरवून बाजूला केला. हिशेबाचा हा भाग कोणालाही तुरुंगात पाठवत नाही आणि त्यावर बोलणारे फारसे कोणी नसते. पुन्हा तेच करू पाहणाऱ्याच्या वाटेत तो आडवा येतो.

दक्षिण आफ्रिकेची वाट यांपैकी सर्वांत प्रसिद्ध, आणि माझ्या मते सर्वांत गैरसमजात सापडलेली. वर्णद्वेषी राजवट तेथे वाटाघाटींतून गेली. पोलीस आणि सैन्य जुन्याच सरकारचे होते आणि निवडणूक शांततेत पार पडायची, तर त्यांना काही हमी देणे भाग होते. त्यातून १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग आला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष झाले आणि एप्रिल १९९६ पासून जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. आपल्याकडे समजतात तशी ही सरसकट माफी नव्हती. माफी हवी असणाऱ्याने नाव-गावासह स्वतः अर्ज करायचा, कृत्य राजकीय हेतूने केल्याचे दाखवायचे आणि घडलेले सारे सांगायचे; काही लपवले असे आढळले तर अर्ज फेटाळला जाई. आश्चर्य वाटेल, पण पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट कायद्यात नव्हती. टुटूंच्या डोळ्यांतले पाणी जगाने पाहिले, पण कायद्याला हवी होती माहिती. ७,११२ अर्जांपैकी ८४९ जणांना माफी मिळाली.

ज्यांना माफी मिळाली नाही किंवा ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्यावर खटले होतील, हा या सौद्याचा दुसरा भाग होता. आयोगाने अशी तीनशेच्या आसपास प्रकरणे सरकारी वकिलांकडे सोपवली आणि त्यांतली बहुतेक धूळ खात पडली. अहमद तिमोल हा गुजराती मुळाच्या कुटुंबातला तरुण शिक्षक ऑक्टोबर १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला होता. १९७२ च्या मृत्यू-चौकशीत ती आत्महत्या ठरली. कुटुंबाने चिकाटी सोडली नाही, २०१७ साली फेरचौकशी झाली आणि न्यायाधीशांनी त्याचा खून झाल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर एका माजी पोलिसावर खटला भरला गेला, पण तो उभा राहण्याआधीच २०२१ मध्ये आरोपी वारला. सेहेचाळीस वर्षांनी मिळालेल्या त्या निष्कर्षाने शिक्षा कोणालाच झाली नाही. सरकारी दप्तरातला ‘आत्महत्या’ हा शब्द तेवढा गेला.

पूर्व जर्मनीत रक्तापेक्षा कागद जास्त वाहिला होता. स्टासी या गुप्त पोलिसांनी सुमारे १११ किलोमीटर लांबीच्या मांडणीत मावतील एवढे कागद मागे ठेवले. जानेवारी १९९० मध्ये नागरिकांनी बर्लिनचे मुख्यालय ताब्यात घेतले, तेव्हा फाडलेल्या कागदांची हजारो पोती तेथे सापडली. १९९२ पासून प्रत्येकाला आपली स्वतःची फाइल पाहण्याचा हक्क मिळाला आणि सरकारी नोकरीसाठी आलेल्यांचा पूर्वेतिहास त्यावरून तपासला जाऊ लागला. एका कार्यकर्तीला फाइल वाचून कळले, की तिच्यावर पाळत ठेवणारा खबऱ्या तिचा नवराच होता.

नुकसानभरपाई हा भाग वाटतो तेवढा साधा नाही. आपल्याकडे माणूस सात वर्षे बेपत्ता असला तर तो मेला असे न्यायालय गृहीत धरू शकते आणि मग वारस दाखला, सात-बारा, बँक, विमा यांची कामे पुढे सरकतात. अर्जेंटिनातल्या मातांपुढे हाच पेच होता: पेन्शन किंवा घर नावावर करून हवे तर मुलगा मेला असे सही करून द्या, आणि तसे लिहून दिले तर ज्याने नेले त्याला कोण विचारणार? १९९४ मध्ये तेथे कायदा करून ‘सक्तीने बेपत्ता झाल्यामुळे अनुपस्थित’ असा स्वतंत्र दर्जा निर्माण केला गेला, म्हणजे मेल्याचे न लिहिता व्यवहार करता येऊ लागले. तरीही काही मातांनी पैसे नाकारले. दक्षिण आफ्रिकेत आयोगाने सहा वर्षे वार्षिक रक्कम देण्याची शिफारस केली होती. सरकारने प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच दिले. आणि महाराष्ट्रात आणीबाणीतल्या बंदिवानांचे मानधन २०१८ मध्ये सुरू झाले, २०२० मध्ये बंद पडले आणि २०२२ मध्ये परत सुरू झाले, हे शेवटचे दोन्ही बदल सरकार बदलल्यावर.

लोकांनाच हिशेब नको असेल तर? उरुग्वेत लष्कराला संरक्षण देणाऱ्या १९८६ च्या कायद्यावर दोनदा मतदान झाले, १९८९ आणि २००९ मध्ये, आणि दोन्ही वेळा कायदा टिकला. त्याचा परिणाम शेवटी २०११ मध्ये संसदेने काढून घेतला. स्पेनने १९७७ च्या माफी कायद्याने पाटी पुसली, हुकूमशहा फ्रँकोच्या काळातल्या सामूहिक कबरी रस्त्याकडेला तशाच राहिल्या आणि खुद्द फ्रँकोचे अवशेष त्याच्या भव्य स्मारकातून हलवायला २४ ऑक्टोबर २०१९ उजाडले. न विचारण्याचा करार पिढी बदलेपर्यंत टिकतो, कारण तो करणाऱ्यांच्या नातवंडांनी त्यावर सही केलेली नसते.

नातवंडांचाच प्रश्न अर्जेंटिनात सर्वांत वेगळ्या रूपात उभा राहिला. गरोदर असताना उचललेल्या स्त्रियांची बाळंतपणे छावण्यांत करून बाळे लष्करी आणि त्यांच्या ओळखीच्या कुटुंबांत वाटण्यात आली. या बाळांचा शोध घेणाऱ्या आज्यांच्या संघटनेच्या अंदाजाने अशी सुमारे ५०० मुले असावीत. ‘पूर्णविराम’ आणि हुकुमाचे पालन या दोन्ही कायद्यांतून मुले पळवण्याचा गुन्हा वगळलेला होता, त्यामुळे इतर सारी दारे बंद झाली तेव्हाही ही एक फट उघडी राहिली आणि १९९८ मध्ये विदेला यांना पुन्हा अटक झाली ती याच गुन्ह्यासाठी. आईवडील नसताना आजी आणि नातू यांचे नाते रक्तावरून कसे सिद्ध करायचे, याची पद्धत या आज्यांनी शास्त्रज्ञांच्या मागे लागून तयार करून घेतली. १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुकीय माहिती पेढी स्थापन झाली. आजवर सुमारे १४० नातवंडांची ओळख पटली आहे. त्यांतली शेवटची काही जण पंचेचाळिशी ओलांडल्यावर, स्वतःची मुले मोठी झाल्यावर, आपल्याला आपल्या जन्माविषयी शंका आहे असे सांगत स्वतःहून आली. ज्या आज्यांनी रक्त दिले होते त्यांतल्या बऱ्याच आता हयात नाहीत. त्यांचे नमुने पेढीत आहेत, आणि शंका असलेल्या कोणालाही तेथे जाऊन आपले रक्त द्यायला आजही जाता येते.